पोलवर उलटं व्हायचं असेल तर आधी उतरायला शिका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही पोल डान्सवर पानभर लेख दिलात. सकाळी चहा घेताना ते पान उघडलं तेव्हा खरंच खूप बरं वाटलं, कारण मराठी पेपरात या विषयावर नाक न मुरडता कोणीतरी लिहिलं हेच मोठं आहे. पण मग फोटोकडे नीट बघितलं आणि पोटात गोळा आला. फोटोतली मुलगी आयेशा नावाच्या मूव्हमध्ये होती, म्हणजे डोकं खाली, दोन्ही पाय वर फाकवलेले, आणि सगळं वजन दोन हातांवर, आणि खाली काय अंथरलेलं तर योगासनं करायची ती पातळ चटई. वर फॉल्स सीलिंग दिसत होतं. आणि शेजारच्या चौकटीत लिहिलेलं की महिनाभरात घरच्या घरी उलटं व्हायला शिका. दिवसभर मला ती चौकट डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, पण कृपा करून पूर्ण वाचा.

मी ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते, वय ४१. सात वर्षं पोल शिकतेय आणि गेली दोन वर्षं शनिवारच्या बॅचला नवीन मुलींना स्पॉट करते. स्पॉट करणं म्हणजे कोणी पहिल्यांदा उलटं होत असेल तेव्हा बाजूला उभं राहून तिचे खांदे, मान आणि कंबर सांभाळायची, पूर्ण वजन झेलायचं नाही, पण पडलीच तर डोक्यावर पडणार नाही एवढं बघायचं. त्याआधी लहानपणी आठ वर्षं दोरीचा मल्लखांब केलाय. त्यामुळे उलटं लटकणं ही माझ्यासाठी नवलाईची गोष्ट नाही आणि मी कोणाला घाबरवायलाही लिहीत नाहीये. उलट मला वाटतं की जास्तीत जास्त बायकांनी हे शिकावं. चाळिशीत स्वतःचं वजन स्वतःच्या हातांनी उचलता येतं ही भावना काय असते ते मी शब्दांत नाही सांगू शकत.

लेखानंतर बुधवारी तुम्ही दोन वाचकांची पत्रं छापलीत. एका काकांनी लिहिलंय की हे असले प्रकार आपल्या संस्कृतीत बसत नाहीत, पेपरने त्याची जाहिरात करू नये. दुसऱ्या वाचकाने बाजू घेऊन लिहिलंय की हा तर आपला मल्लखांबच आहे, ज्याला मल्लखांब येतो त्याला पोल आपोआप येतो. दोघांबद्दल आदर आहे, पण या दोन्ही मतांमुळे मुली पडतात, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून ठामपणे लिहितेय.

आधी मल्लखांबाचं बोलते कारण ते मनाच्या जवळ आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाला आजचं रूप दिलं आणि तो आपल्या मातीतून जगभर गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये शिवाजी पार्कला पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा मी लेकीला घेऊन गेले होते, परदेशी पोरं लाकडावर चढताना बघून अंगावर काटा आला. मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या जुन्या व्यायामशाळेच्या ग्रुपवर सगळ्यांनी असे मेसेज टाकले जसं काही घरातल्याच माणसाला मिळाली. त्यामुळे मल्लखांब आणि पोल ही भावंडं आहेत हे मी मान्यच करते, भाषासुद्धा बरीच जुळते, आमच्या मल्लखांबातले अढी, बगली, फरारा हे प्रकार ज्याने केलेत त्याला पोलवर काय चाललंय ते लगेच कळतं. पण भावंडं वेगळी आणि जुळी वेगळी.

पुरलेला मल्लखांब लाकडाचा, सागवानी किंवा शिसवी, खाली घेर साधारण ५५ सेंटिमीटर आणि वर निमुळता होत जाणारा. त्याला एरंडेल चोळतात, मांड्यांनी आणि हातांनी मिठी मारून पकड घ्यायची असते. स्पर्धेचा पोल स्टीलचा किंवा पितळी, ४५ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे घेर जेमतेम १४ सेंटिमीटर. त्याला मिठी मारताच येत नाही. तिथे पकड असते ती उघड्या कातडीच्या घर्षणाची, तळहाताची, गुडघ्यामागच्या खोबणीची, काखेची, कंबरेच्या बाजूची. मल्लखांबाला तेल लावतात आणि पोलवर तेलाचा एक थेंब म्हणजे अपघात. दोरीला आम्ही पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यात पकडायचो, पोलवर ती सवय काहीच कामाला येत नाही. आणि पोल फिरतासुद्धा, स्टॅटिक म्हणजे स्थिर आणि स्पिन म्हणजे फिरता असे दोन प्रकार असतात, स्पिनवर उलटं झालं की जमीन कुठे ते पहिल्या दोन सेकंदांत कळत नाही. मल्लखांबवाल्यांकडे ताकद असते, धीर असतो, आणि त्यामुळेच ते पहिल्याच दिवशी नको तेवढं वर जातात. मीही गेले होते, आणि घामाने हात सटकला तेव्हा दोरीच्या सवयीने पायाची बोटं आवळली, तिथे आवळायला काही नव्हतंच. नशीब तेव्हा जमिनीपासून दोन फुटांवर होते.

मल्लखांबातून पोलवर एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी. आमचे गुरुजी नवीन काही शिकवताना पहिल्यांदा उतरायला शिकवायचे. दोरीवर चढून नुसतं थांबायचं आणि एका ठरावीक पद्धतीने हळूहळू खाली यायचं, घसरत नाही, एकेक पकड बदलत. आठ-आठ दिवस हेच. आम्हा मुलींना कंटाळा यायचा, वर जाऊन काहीतरी करून दाखवायचं असायचं, पण गुरुजी म्हणायचे की तू वर काय करतेस ते मला नंतर दाखव, आधी दमलेली असताना खाली कशी येतेस ते दाखव. आज पोलवर मला कोणी विचारलं की इन्व्हर्ट, म्हणजे उलटं व्हायला, कधी शिकू तर मी हेच विचारते, बाहेर कसं पडायचं ते येतं का? कारण उलटं होणं हे पाच सेकंदांचं काम आहे, पण हात थरथरायला लागल्यावर, तळव्याला घाम सुटल्यावर, पाय कुठे आहे ते समजेनासं झाल्यावर परत सुलटं होणं यात सगळा खेळ आहे.

आता जरा नीट सांगते कारण तुमच्या चौकटीत नेमकं हेच राहून गेलंय. साधा इन्व्हर्ट, ज्याला आम्ही चॉपर म्हणतो, त्यात पोल छातीच्या कडेला, काखेजवळ, हात हनुवटीच्या आसपास, कोपर वाकवलेले. आधी खांदे कानांपासून खाली ओढून घ्यायचे, पोट आत, मग गुडघे छातीकडे, मग कंबर वर, आणि सगळ्यात शेवटी पाय उघडायचे. हे सगळं सावकाश. आणि बहुतेक मुली काय करतात तर एक पाय जोरात हवेत फेकतात आणि त्याच्या झोकात उलट्या होतात. रीलमध्ये ते दिसायला छान दिसतं, पाच मिनिटांत जमल्यासारखं वाटतं. पण त्या झोकाला ब्रेक नसतो. डोकं मागे जातं, खांद्याला आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेला हिसका बसतो, आणि वर पोचल्यावर थांबायची ताकद नसते कारण वर तुम्ही ताकदीने गेलेलाच नसता. जी हळू वर जाऊ शकत नाही ती हळू खालीसुद्धा येऊ शकत नाही, इतकं साधं आहे ते.

मग ताकद कशी आणायची? जमिनीवरून. पोलच्या बुडाशी पाठीवर झोपायचं, डोक्याच्या बाजूने पोल धरायचा आणि नुसती कंबर उचलायची, पाय फेकायचे नाहीत. हे जमलं की उभं राहून पोल धरून गुडघे छातीशी आणून थांबायचं, तीन श्वास, पाच श्वास. मग शिकवणाऱ्याच्या मदतीने वर जायचं आणि एकटीने खाली यायचं, जितकं हळू येता येईल तितकं, हा व्यायाम मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. आणि हे सगळं दोन्ही बाजूंनी. उजवीकडून सोपं जातं म्हणून उजवीकडूनच करत राहिलं तर वर्षभरात एक खांदा दुखायला लागतो आणि पाठीची एक बाजू आखडते. मला उडी न मारता पहिला चॉपर यायला अकरा महिने लागले, आठ वर्षांचा मल्लखांब पाठीशी असून. कोणाला चार महिन्यांत येईल, कोणाला दीड वर्ष लागेल, शरीर प्रत्येकीचं वेगळं. म्हणून ते ‘महिनाभरात’ वाचून मला इतका त्रास झाला.

त्यानंतर येतो लेग हँग, म्हणजे गुडघ्याच्या खोबणीत पोल अडकवून हात सोडायचे. इथे एक गोष्ट घडते जी कुठल्याही व्हिडिओत सांगत नाहीत. उलटं झाल्यावर माणसाला डावं-उजवं कळत नाही. अगदी हुशार, शिकलेल्या, गाडी चालवणाऱ्या बायकांनासुद्धा. मागच्या पावसाळ्यात एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी आमच्याकडे पहिल्यांदा लेग हँगमध्ये गेली, सुंदर गेली, हात सोडले, हसली. आमच्या शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आता डावा पाय पोलवर घे. तिने डावा म्हणून जो पाय हलवला तो अडकवलेला पाय होता, ज्याच्यावर ती पूर्ण लटकत होती. मी खालीच उभी होते, माझा एक हात तिच्या खांद्याखाली आणि एक कंबरेला होता, तरी ती इतक्या झटकन सुटली की आम्ही दोघी गादीवर आलो. तिची मान माझ्या दंडावर होती. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, दंडावर तिच्या डोक्याचा भार सारखा जाणवत होता. त्या दिवसापासून मॅडम नवीन मुलींच्या अडकवायच्या पायाच्या घोट्याला लाल रिबीन बांधतात आणि डावा-उजवा हे शब्द वापरतच नाहीत, लाल पाय हलवायचा नाही एवढंच सांगतात, आणि मी त्या पायाला हात लावून दाखवते. हात लावण्याआधी दरवेळी विचारते, कुठे लावणार तेही सांगते, कारण दचकली तरी पकड सुटते. आता घरी एकटीने मोबाईल समोर ठेवून शिकणाऱ्या मुलीच्या खांद्याखाली कोणाचा हात असणार आहे सांगा.

गादीबद्दल. पोलच्या बुडाशी घालायची गोल क्रॅश मॅट मिळते, दहा-बारा सेंटिमीटर जाडीची, मधे पोलसाठी भोक आणि दोन भाग एकमेकांना वेल्क्रोने जोडलेले. ती हवीच, उलटं काहीही शिकताना हवीच. पण गादी आहे म्हणून बिनधास्त असंही नाही. वरून मानेवर पडलं तर ती गादी पुरेशी नाही, आणि तिच्या कडेवर पाय पडून घोटा मुरगळलेल्या दोघी माझ्या ओळखीच्या आहेत. गादीवर विसंबून आपल्याला न येणारी गोष्ट करायची नसते, येणारी गोष्ट चुकली तर म्हणून ती असते.

आणि आता ते काका. काका, मी तुमच्यावर रागावलेली नाही, माझ्या आईचंही हेच म्हणणं होतं. पोल डान्स अमेरिका-कॅनडातल्या क्लबांमधून पुढे आला हे खरं आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही, ज्या बायका तिथे नाचायच्या त्यांनीच यातल्या कितीतरी मूव्ह शोधल्या, आम्ही त्यांच्याच ऋणात आहोत. आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात, पहिली २०१२ मध्ये लंडनला झाली, गुणांकनाची पुस्तकं आहेत, २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या संघटनेने पोल स्पोर्टला निरीक्षक म्हणून मान्यताही दिली. तोकडे कपडे म्हणाल तर मगाशी सांगितलं तसं पकड कातडीची असते, लेगिंग घालून लेग हँग केला तर सरळ डोक्यावर. मल्लखांबाची मुलं अंगावर फक्त जांघ्या घालून उतरतात तेव्हा आपण टाळ्या वाजवतोच ना?

पण माझा मुद्दा संस्कृतीचा नाहीच आहे. माझा मुद्दा असा आहे की लाज वाटते म्हणून मुली हे लपवून करतात, आणि लपवून केलेलं उलटं हे सगळ्यात धोक्याचं असतं. क्लासला गेलं तर कोणी बघेल म्हणून बेडरूममध्ये पोल लावतात. घरच्यांना कळू नये म्हणून दार लावून, सगळे बाहेर गेल्यावर, म्हणजे पडली तर घरात कोणी नसताना. आणि लागलं तर सांगत नाहीत.

हे मी स्वतः केलंय, म्हणून लिहायचा अधिकार आहे. शिकायला लागून तिसरं वर्ष होतं. हँडस्प्रिंग नावाची मूव्ह आहे, जमिनीवर उभं राहून दोन्ही हातांनी पोल धरायचा आणि शरीर थेट उलटं वर न्यायचं. त्यात ट्विस्टेड ग्रिप म्हणून एक पकड असते, वरचा हात आतल्या बाजूने वळवून अंगठा खाली येईल असा धरायचा. त्यात खांदा पूर्ण आत वळलेला असतो आणि त्याच स्थितीत सगळं वजन त्याच्यावर येतं. ताकद आणि लवचिकता दोन्ही असेल तर जमते, नसेल तर खांदा जातो. मी एका छोट्या व्हिडिओत बघितली, क्लास सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं एकटीच होते, अंग गरम केलं नव्हतं, कोणाला विचारलं नाही, पाय फेकला. वर गेले नाही. खांद्याच्या आत काहीतरी जागचं सरकल्यासारखं वाटलं आणि मी कुशीवर गादीवर पडले. उठून बसले आणि क्लासला आलेल्या मुलींना काही झालंच नाही असं दाखवून दोन तास व्यायामही केला.

घरी सांगितलं, दळणाचा डबा उचलताना लचकला. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी डबा उचलणाऱ्या बाईला जे द्यायचं ते दिलं, मलम, गोळ्या, आठवडाभर आराम. त्यांची काय चूक, मी खरं बोललेच नव्हते. आठवड्याने मी परत लटकायला लागले आणि तीन आठवड्यांनी मला केस विंचरायला हात वर नेता येईना. लेकीची वेणी तिची आजी घालायला लागली. शेवटी एका फिजिओथेरपिस्टने खांद्यावर नुसता हात ठेवून विचारलं, तुम्ही कुठला खेळ खेळता का, आणि मी रडायलाच लागले. रोटेटर कफ, म्हणजे खांद्याला जागेवर धरून ठेवणारे जे लहान स्नायू असतात ते दुखावले होते. पाच महिने लटकणं बंद. तिने सांगितलं की पहिल्याच दिवशी खरं कळलं असतं तर कदाचित इतकं वाढलंच नसतं. त्या दिवशी संध्याकाळी मी सासूबाईंना बसवून मोबाईलवर माझे व्हिडिओ दाखवले. त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग एवढंच म्हणाल्या, खाली गादी घालतेस ना?

म्हणून माझी मुलींना विनंती आहे की निदान डॉक्टरांशी खोटं बोलू नका. आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा.

क्लास निवडतानासुद्धा लाजू नका, विचारा. तुम्ही कुठे शिकलात, किती वर्षं शिकवताय, एका पोलवर किती जणी, उलटं शिकताना स्पॉट कोण करणार, गाद्या किती आहेत, कोणाला लागलं तर तुम्ही काय करता. ज्या जागी पहिल्या महिन्यात फोटोसाठी उलटं करतात तिथून परत फिरा. मी एका ठिकाणी ट्रायल क्लासला गेले होते, तिथे दुसऱ्या तासाला आलेल्या मुलींना दोघी जणी उचलून उलटं करत होत्या, फोटो काढत होत्या आणि सोडत होत्या, गादी होती ती भिंतीला टेकवून ठेवलेली. त्या मुली आनंदात होत्या, कोणाला काही झालं नाही, पण त्यातली एकही स्वतःहून खाली येऊ शकली नसती. वॉर्मअप किती वेळ घेतात तेही बघा, पंधरा-वीस मिनिटं मनगटं, खांदे, पाठ, मांड्यांच्या मागच्या शिरा यावर गेलीच पाहिजेत. ज्यांना ब्लड प्रेशर आहे, काचबिंदू आहे, मानेचं दुखणं आहे, चक्कर येते, ज्या गरोदर आहेत, त्यांनी उलटं व्हायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी हे विचारलंच नाही तर तिथेच समजून जायचं. ज्यांचे सांधे जात्याच खूप वळतात त्यांना सगळ्या कौतुकाने पुढे ढकलतात, अगं तुला तर लगेच जमेल म्हणून, पण त्यांनाच सांधा धरून ठेवायची ताकद जास्त कमवावी लागते.

आपल्याकडच्या हवेचंही बोलायला पाहिजे कारण परदेशी व्हिडिओत ते येणार नाही. जून ते सप्टेंबर ठाण्या-मुंबईत पोलला हात लावला की दमट लागतो. आम्ही दर वळणाला कोरड्या फडक्याने पोल पुसतो, अधूनमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलने, हाताला लिक्विड चॉक लावतो. पितळी पोलवर दमट हवेत पकड जास्त चांगली बसते असा अनुभव आहे, क्रोमवर कमी. तरीसुद्धा जुलैत एखादा दिवस असा येतो की काहीच धरत नाही, त्या दिवशी मॅडम सगळ्यांना खाली बसवून फक्त स्ट्रेचिंग घेतात. मुली हिरमुसतात, पैसे भरलेत म्हणतात. मला तो निर्णय फार आवडतो.

आयेशाबद्दलही दोन वाक्यं, कारण फोटो त्याचाच होता. त्यात पाय पोलला लागलेले नसतात, म्हणजे हात सुटले तर वाचवायला गुडघा नाही, कंबर नाही, काही नाही. म्हणून ती आधी जमिनीलगत शिकायची, वरून म्हणजे लेग हँगमधून किंवा बटरफ्लाय नावाच्या उलट्या मूव्हमधून एक पाय पोलवर ठेवून, आणि हा पाय परत अडकवून बाहेर पडणं दहा वेळा जमल्यावरच दुसरा पाय सोडायचा. खालून उडी मारून हँडस्प्रिंगने जायचं ते खूप नंतर, आणि ट्विस्टेड ग्रिप तर कित्येकींनी आयुष्यात नाही केली तरी काही बिघडत नाही. मी सोडली ती सोडलीच, कप ग्रिपने, म्हणजे अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून धरायच्या पकडीने, आणि कोपराच्या आधाराने जेवढं होतं तेवढं करते आणि त्यात मी आनंदात आहे.

तर संपादक महोदय, माझं म्हणणं असं आहे की तुम्ही पुन्हा या विषयावर लिहा, नक्की लिहा, पण येत्या रविवारी त्या चौकटीची दुरुस्ती छापा. घरच्या घरी महिनाभरात हे वाक्य मागे घ्या. आणि फोटो हवे असतील तर आमच्या बॅचचे द्यायला आम्ही तयार आहोत, मुलींची परवानगी घेऊन, ज्यात गादी दिसते आणि बाजूला उभी असलेली बाईसुद्धा दिसते. आजपर्यंत कुठल्याही फोटोत ती बाई मला दिसलेली नाही, ती नेहमी चौकटीबाहेर कापलेली असते.

आपली नियमित वाचक,
ठाणे (पश्चिम)

ता. क. – ज्यांनी लेख वाचून घरी पोल आधीच मागवलाय त्यांच्यासाठी. जमीन आणि छत यांच्यामध्ये दाबून बसवायचा पोल हा फक्त पक्क्या स्लॅबला किंवा बीमखाली बसवायचा. छतावर बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर ते पीओपी आहे, तिथे पोल उभा राहिलेला दिसेल पण तुमचं वजन उलटं होऊन बाजूला ओढलं की सुटेल. दरवेळी चढायच्या आधी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, आणि स्पिनचा स्क्रू घट्ट आहे का ते पान्याने तपासा, स्टॅटिक समजून चढलात आणि अर्ध्यात फिरायला लागला तर काय होतं ते मी बघितलंय. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा. आदल्या रात्रीपासून अंगाला क्रीम, खोबरेल काही नाही, आणि दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या दिवशी तर पोलला हात लावू नका, साबणाने कितीही धुतलं तरी ते तेल दुसऱ्या दिवसापर्यंत कातडीत राहतं. आणि उलटं काही करायचं असेल तर घरात कोणी येईपर्यंत थांबा.